तेलांत उतरलेलें पाणी

मोटारीच्या एंजिनांत दोन द्रव सतत फिरत असतात : एक वंगणाचें तेल आणि दुसरें थंडाव्याचें पाणी. बिडाच्या एकाच ओतीव ठोकळ्यांत दोघांच्याही वाटा असतात. कित्येक ठिकाणीं त्या वाटांमध्यें बोटभर जाडीचीही भिंत नसते, आणि जेथें ठोकळ्यावर हेड बसतें तेथें तर एका पातळ पॅकिंगचा काय तो आडपडदा. हा आडपडदा शाबूत आहे तोंवर दोघेही आपापलें काम चोख करितात. तो फाटला म्हणजे पाणी तेलांत उतरतें, तेलाचें वंगणपण जातें, आणि वर्षानुवर्षें बिनतक्रार चाललेलें एंजिन थोड्याच दिवसांत निकामी होतें.

श्रोतेहो, हा विषय गॅरेजांतील मिस्त्र्यांचा, तो आमच्या दिवाणखान्यांत कशाला, असें आपणांपैकीं कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांत बागाइतीचा, वखारीचा किंवा वाहतुकीचा धंदा आहे त्या घराला जुनी मालमोटार परकी नाहीं. आपल्या देशांत या गाड्या फार दीर्घायुषी असतात. जमशेदपूर येथें टाटांच्या कारखान्यांत १९५४ सालापासून जर्मनीच्या डायम्लर-बेंझ कंपनीच्या सहकार्यानें मालमोटारी तयार होऊं लागल्या. तें सहकार्य १९६९ सालीं संपलें, पण त्या पिढीच्या गाड्या त्यानंतरही कित्येक वर्षें आपल्या घाटांतून ओझीं वाहतांना दिसत. एक मालक सोडतो, दुसरा घेतो; एंजिन दोनतीनदां उकललें जातें, पुन्हां बांधलें जातें, आणि गाडी चालूच राहते. अशा गाडीचा मालक बहुधा लहान माणूस असतो, आणि ती गाडी हेंच त्याचें भांडवल असतें.

म्हणूनच निदानाला महत्त्व. पाणी नसतांना आहे असें ठरविलें, तर विनाकारण एंजिन उकललें जातें आणि हंगामाची कमाई त्यांत जाते. पाणी असतांना नाहीं असें ठरविलें, तर क्रॅंक आणि बेअरिंगें जातात, आणि मग हंगामच काय, गाडीही जाते. माझ्या पाहण्यांत आलेल्या दोन मालमोटारींची हकीकत सांगतों. दोघींचें वरवरचें लक्षण एकच होतें.

पहिली गाडी रत्नागिरी जिल्ह्यांतील एका आंबेवाल्या घराण्याची. मार्चपासून मेअखेर तिला उसंत नसते. पेट्या घेऊन आंबा घाटानें कोल्हापुरास जावयाचें आणि परत यावयाचें. एकदां पावसानें ठाण मांडलें कीं दसऱ्यापर्यंत ती पत्र्याच्या छपराखालीं उभी. बागेचा राखणदार मोठा इमानी माणूस. बॅटरी उतरूं नये म्हणून दर दोनतीन दिवसांनीं तो एंजिन चालू करी, दहा मिनिटें घुरघुरूं देई आणि बंद करी. आश्विनांत मालकांनीं तेल भरण्याचें झाकण उघडलें, तों आंतून पिवळसर पांढरा, लोण्यासारखा थर निघाला. गांवच्या मिस्त्रींनीं तो पाहतांच निकाल दिला : हेडचें पॅकिंग गेलें, एंजिन उकलावें लागेल.

तो थर म्हणजे तेल आणि पाणी यांचें घुसळून झालेलें मिश्रण, यांत संशय नव्हता. प्रश्न इतकाच होता कीं, पाणी आलें कोठून ?

इंधन जळतांना पाणी उत्पन्न होतें, ही गोष्ट शाळेंत शिकूनही आपण विसरून जातों. पेट्रोल काय किंवा डिझेल काय, दोन्ही कार्बन आणि हायड्रोजन यांच्या संयुगांचीं मिश्रणें. त्यांतील हायड्रोजन जळला कीं त्याचें पाणी होतें. हिशेब करून पाहिला तर एक लिटर इंधन जळून सुमारें एक लिटर पाणी निघतें. एंजिन तापलेलें असेल तर तें वाफेच्या रूपानें धुराबरोबर बाहेर जातें आणि आपल्याला दिसतही नाहीं. परंतु जुन्या एंजिनांत दट्ट्यांच्या कड्या झिजलेल्या असतात. त्यांच्या फटींतून थोडा धूर आणि त्याबरोबर थोडी वाफ खालीं तेलाच्या कोठींत उतरते. ही कोठी, जिला आपले मिस्त्री ‘चेंबर’ म्हणतात, तापलेली असेल तर वाफ वाफच राहते. थंड असेल तर तेथेंच तिचें पाणी होऊन बसतें. ही वाफ निघून जावी म्हणून जुन्या एंजिनांना बहुधा खालच्या बाजूस एक उघडी नळी असे. गाडी धांवूं लागली म्हणजे वाऱ्याच्या ओढीनें ती नळी आंतील वाफ खेचून घेई. गाडी जागच्या जागीं उभी असेल तर वारा नाहीं, ओढ नाहीं, आणि वाफेलाही वाट नाहीं. त्यांत कोंकणांतील श्रावणभाद्रपदाची दमट हवा ! राखणदाराचीं तीं दहा मिनिटें बॅटरीला कितपत उपयोगीं पडलीं असतील तें सांगवत नाहीं, एंजिनांत मात्र त्यांनीं चार महिने थेंब थेंब पाणी सांठविलें.

अर्थात् हें सारें संभाव्य आहे एवढ्यावरून तें घडलेंच असें म्हणतां येत नाहीं. म्हणून आम्हीं गाडीलाच विचारण्याचें ठरविलें. रेडिएटरांतील पाणी पाहिलें, तें काठोकाठ होतें. आणि सबंध पावसाळ्यांत त्यांत तांब्याभरही भर घातलेली नव्हती, असें राखणदारानें निक्षून सांगितलें. तेलांत उतरलेलें पाणी जर रेडिएटरांतलें असेल तर रेडिएटर तितका रिता झालाच पाहिजे. नंतर तेल पाहण्याचा गज काढला. त्याच्या टोकाला लागलेलें तेल काळें, स्वच्छ आणि चिकट होतें. लोण्याचा थर होता तो फक्त झाकणाच्या आंतल्या अंगाला आणि तोंडाच्या कडेला, म्हणजे एंजिनाच्या सगळ्यांत थंड जागीं. पाणी खालून मिसळलेलें असतें तर तें सबंध तेलांत घुसळलें गेलें असतें, आणि गजावरही त्याची खूण उमटली असती.

मग एक जुनी, सोपी आणि माझ्या मतें सर्वांत उपयुक्त परीक्षा केली. गाडी रात्रभर न हलवितां उभी ठेवली. सकाळीं एंजिन चालू न करितां, चेंबरच्या तळाचा नट अगदीं हलक्या हातानें सैल केला आणि खालीं कांचेची बरणी धरली. पाणी तेलाहून जड असतें, म्हणून जें मोकळें पाणी असेल तें रात्रींतून तळाशीं जातें आणि नट सैल होतांच आधीं बाहेर येतें. चमचा-दीड चमचा पाणी आलें, आणि मागून तेल. त्या बरणींतील पाण्याला गंज नव्हता, रंग नव्हता. रेडिएटरांतील पाणी मात्र विटकरीसारखें तांबूस होतें.

तेल बदललें, झाकण पुसून कोरडें केलें, रेडिएटरांतील पातळीवर रंगाची रेघ मारली, आणि माल भरून गाडी घाटानें वर पाठविली. दोन खेपा झाल्या. झाकण कोरडें होतें, रेघ आणि पाणी एकाच जागीं होतें. हेडला पाना लावण्याची गरज पडली नाहीं. राखणदाराला आतां एकच गोष्ट सांगून ठेविली आहे : पावसाळ्यांत बॅटरीची तार काढून ठेवावी, आणि एंजिन चालू करावयाचेंच असेल तर गाडी रस्त्यावर काढून चांगली तासभर हांकून आणावी.

दुसरी गाडी सांगलीकडची, उसाच्या वाहतुकीची. तिचे मालक भेटले कीं अभिमानानें सांगत, "माझें एंजिन थेंबभर तेल खात नाहीं." मला त्यांच्या या अभिमानाचीच प्रथम काळजी वाटली. ज्या एंजिनाच्या कड्या झिजल्या आहेत, जें चढावर निळसर धूर सोडतें, तें तेल खाणारच. त्याची पातळी उतरत नसेल तर जळून गेलेल्या तेलाच्या जागीं दुसरें कांहीं तरी भरत असलें पाहिजे. तें डिझेलही असूं शकतें. इंधनाच्या पंपाचा पडदा फाटला तर डिझेल तेलांत उतरतें. परंतु डिझेलानें तेल पातळ होतें आणि त्याला वास येतो, त्याचा रंग पांढुरका होत नाहीं. येथें गजावर जें दिसलें तें दुधाच्या चहासारखें होतें. त्यावर खालच्या खुणेपासून वरपर्यंत एकच रंग होता.

या गाडीच्या बाबतींत खरा साक्षीदार मालक नव्हते, ड्रायव्हरही नव्हता. तो होता क्लीनर, सोळासतरा वर्षांचा एक मुलगा. रोज किती पाणी घालतोस असें विचारतांच तो म्हणाला, अर्धी बादली. कधींपासून ? दिवाळीपासून. रस्त्यावर गळती कोठें दिसत नव्हती, रबरी नळ्या कोरड्या होत्या, धुराला पांढरेपणा नव्हता. मग दोन महिने रोज अर्धी बादली पाणी जात होतें कोठें, हा प्रश्न त्या मुलाला कोणी केला नव्हता आणि त्यानेंही आपण होऊन सांगितला नव्हता. त्यांतलें बरेंचसें तापलेल्या तेलांतून वाफ होऊन उडून जात होतें, आणि उरलेलें तेलांत राहत होतें. गळिताचा हंगाम ऐन भरांत होता. गाडी थांबविणें परवडत नाहीं, असें मालकांचें म्हणणें पडलें. ती आणखी नऊ दिवस चालली, आणि दहाव्या दिवशीं एंजिनाच्या तळांतून ठोका ऐकूं येऊं लागला.

तेव्हां चेंबर उतरविण्यांत आलें, आणि येथें जी परीक्षा केली ती प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकानें लक्षांत ठेवण्यासारखी आहे. हेडला हात लावला नाहीं. रेडिएटर भरून त्याच्या तोंडावर हातपंपाचें झाकण बसविलें आणि गाडीच्या मूळ झाकणावर जितका दाब लिहिलेला होता तितकाच दाब आंत दिला. जुन्या रेडिएटरांना अधिक दाब सोसत नाहीं, ते शिवणींवर फाटतात. म्हणून त्या आंकड्यापलीकडे जाऊं नये. एंजिनाखालीं वर्तमानपत्रें अंथरलीं, बत्ती धरली, आणि वाट पाहिली. पाऊण तासानें चौथ्या नळकांड्याच्या तळाशीं एक थेंब जमला, लोंबला आणि कागदावर पडला. मग दुसरा. लायनरच्या बुडाशीं ज्या रबरी कड्या असतात त्या कडक होऊन चिरल्या होत्या. हेड काढून पॅकिंग बदललें असतें तर पैसेही गेले असते आणि पाणीही तसेंच उतरत राहिलें असतें. मात्र त्या नऊ दिवसांचा हिशेब तोंवर झालेला होता : बेअरिंगांचा मऊ थर खरवडून निघाला होता आणि क्रॅंकवर चरे उमटले होते.

असें होण्याचें कारण काय ? बेअरिंग आणि क्रॅंक यांच्यामध्यें तेलाचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि एंजिनाचा सर्व भार तो थर पेलतो. पाणी मिसळलेल्या तेलाला तो भार पेलवत नाहीं. धातूवर धातू घासूं लागतो. पाण्यांत ग्लायकॉल असेल तर अपाय याहूनही अधिक. ग्लायकॉल म्हणजे बाजारांत हिरव्या किंवा तांबड्या रंगांत मिळणाऱ्या कूलंटमधील मुख्य द्रव्य. फ्रेंच रसायनज्ञ वुर्ट्झ यानें तें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास प्रथम तयार केलें, आणि १९२७ सालापासून अमेरिकेंत तें ‘प्रेस्टोन’ या नांवानें मोटारींसाठीं विकलें जाऊं लागलें. थंड देशांत पाणी गोठून एंजिनाचा ठोकळा फुटूं नये म्हणून त्याचा उपयोग. आपल्याकडे तें गंज रोखण्यासाठीं आणि पाण्याचा उत्कलनबिंदु वाढविण्यासाठीं घालतात. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंश सेल्सियसला उकळतें. त्यामुळें तापलेल्या तेलांतून पाणी उडून जातें, परंतु ग्लायकॉल मागें राहतें. त्याचीं हळूहळू आम्लें बनतात, तीं बेअरिंगांतील शिसें खातात. आणि तेलांतील इतर द्रव्यांशीं मिळून त्याचा जो चिकट गाळ होतो तो तेलाची गाळणी बुजवून टाकतो.

घरच्या घरीं करण्याजोगी आणखी एक परीक्षा आहे. लोखंडी तवा चांगला तापवून आंचेवरून खालीं उतरावा, आणि त्यावर संशयित तेलाचा एक थेंब टाकावा. तेलांत पाणी असेल तर फोडणींतल्या मोहरीसारखा तडतड आवाज होतो. नसेल तर थेंब मुकाट्यानें पसरतो. हजारांत एक भाग पाणी असलें तरी या परीक्षेंत तें बहुधा बोलतें. डोळ्यांवर चष्मा असावा, आणि हा प्रयोग स्वयंपाकघरांत करूं नये. तो तवाही पुन्हां पोळीला वापरूं नये. पण या तडतडीचा अर्थ एवढाच कीं तेलांत पाणी आहे. तें वाफेचें कीं रेडिएटरचें, हें ती सांगत नाहीं.

तें सांगण्यासाठीं आतां प्रयोगशाळा आहेत. तेलाचा नमुना दिला असतां त्यांत सोडियम आणि पोटॅशियम किती आहे हें त्या सांगतात. कूलंटमध्यें गंजविरोधी क्षार असतात, आणि त्या क्षारांतून हीं मूलद्रव्यें तेलांत येतात. ग्लायकॉल शोधणाऱ्या कागदी पट्ट्याही मिळतात. या साधनांचा मी आदर करितों, परंतु आपल्याकडील जुन्या मालमोटारींच्या बाबतींत त्यांची एक मर्यादा आहे. कित्येक गाड्यांत आजही विहिरीचें किंवा नळाचें साधें पाणी घातलें जातें. त्यांत ग्लायकॉल नाहीं, गंजविरोधी क्षार नाहींत. असलेच तर कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, आणि तीं तर एंजिनच्या तेलांत मळ धुण्यासाठीं कारखान्यांतच घातलेलीं असतात. त्यामुळें प्रयोगशाळेनें ‘ग्लायकॉल आढळलें नाहीं’ असें लिहून दिलें तरी ज्या गाडींत ग्लायकॉल कधीं घातलेंच नाहीं त्या गाडीचा मालक निर्धास्त होऊं शकत नाहीं. तेथें रेडिएटरवर मारलेली रंगाची रेघ त्या कागदापेक्षां अधिक खरें सांगते.

पॅकिंग खरोखर गेलें असेल तर त्याची खूण बहुधा रेडिएटरांत दिसते. नळकांड्यांतील जळता वायु पाण्याच्या वाटेनें वर येतो आणि एंजिन चालू असतांना पाण्यांतून बुडबुडे निघतात. हें पाहावयाचें तें एंजिन थंड असतांना झाकण काढून, आणि मगच एंजिन चालू करून. तापलेल्या रेडिएटरचें झाकण उघडणाऱ्याचे हात आणि चेहरा भाजल्याचीं उदाहरणें थोडीं नाहींत. संशय राहिला तर निळ्या द्रावणाची नळी मिळते. रेडिएटरच्या तोंडांतील हवा त्यांतून खेचली असतां कार्बन डायऑक्साइडमुळें निळा रंग बदलतो. पेट्रोलच्या एंजिनांत तो पिवळा होतो, डिझेलच्या एंजिनांत पुष्कळदां हिरव्यावरच थांबतो. आणखी एक सावधगिरी. पाणी दट्ट्याच्या माथ्यावर सांठलें आहे अशी शंका आली तर स्टार्टर मारूं नये. पाणी दाबलें जात नाहीं. अशा वेळीं कनेक्टिंग रॉड वांकतो. आधीं डिझेलचे इंजेक्टर काढून एंजिन हातानें फिरवावें.

तेल थंड करण्यासाठीं ज्या एंजिनांना वेगळा कूलर असतो त्यांचा प्रकार जरा निराळा. एंजिन चालू असतां तेलाचा दाब पाण्याहून पुष्कळ अधिक असतो, म्हणून कूलरची नळी फुटली तर तेल पाण्यांत जातें आणि रेडिएटरवर तवंग येतो. एंजिन बंद केलें कीं तेलाचा दाब नाहींसा होतो, परंतु तापलेल्या पाण्याचा कांहीं वेळ टिकतो. आतां पाणी तेलांत शिरतें. तेव्हां दोन्हीकडे मिसळ दिसली तर हेडआधीं कूलर तपासावा. तो काढावयास बहुधा पुष्कळ सोपा असतो.

हे आडपडदे फाटतात कां, यालाही थोडा वेळ दिला पाहिजे. घाटांत पाणी उकळलें, ड्रायव्हरनें गाडी थांबविली, आणि लालभडक तापलेल्या एंजिनांत ओढ्याचें गार पाणी ओतलें, ही आपल्याकडील नेहमींची कथा. बीड एकदम आकसतें आणि हेडला चीर पडते. अर्धा तास थांबून, एंजिन हळूहळू चालू ठेवून पाणी घातलें तर हेड वांचतें. दुसरें कारण अधिक सूक्ष्म आहे. डिझेल एंजिनाचा ओला लायनर प्रत्येक स्फोटाबरोबर थरथरतो, आणि त्याला लागून असलेल्या पाण्यांत क्षणमात्र पोकळ बुडबुडे उत्पन्न होऊन फुटतात. असा बुडबुडा मिटतांना किती प्रचंड दाब उत्पन्न होतो याचें गणित लॉर्ड रॅले यांनीं १९१७ सालीं मांडलें. त्या वेळीं प्रश्न जहाजांच्या पंख्यांचा होता. तोच प्रकार लायनरच्या पाठीला बारीक खड्डे पाडतो, आणि वर्षांनुवर्षांनीं त्यांतला एखादा खड्डा आरपार जातो. चांगल्या कूलंटमधील क्षार धातूवर पातळ कवच धरून हें टाळतात. साधें पाणी घालून वांचविलेले पैसे येथें परत द्यावे लागतात.

दोष सांपडला आणि दुरुस्त झाला तरी काम पुरें होत नाहीं. एंजिनाच्या तेलवाटांत मिसळ अडकून राहते. म्हणून नवें तेल आणि नवी गाळणी घालून एंजिन थोडा वेळ तापवावें, तें तेल काढून टाकावें, आणि पुन्हां एकदां नवें तेल व नवी गाळणी घालावी. दहापंधरा लिटर तेल असें दोनदां ओतणें मालकाच्या जिवावर येतें खरें, पण जुन्या तेलांत राहिलेलें ग्लायकॉल नव्या बेअरिंगांनाही तसेंच खातें. काढलेलें तेल आणि कूलंट गटारांत सोडूं नये, आणि उघड्या घमेल्यांतही ठेवूं नये. ग्लायकॉल चवीला गोड असतें आणि विषारी असतें. कुत्रीं तें चाटतात, आणि लहान मुलेंही. घट्ट बुचाच्या डब्यांत भरून, डब्यावर ठळक अक्षरांत ‘विष’ असें लिहून, जुनें तेल रीतसर विकत घेणाऱ्याकडे तें पोंचतें करावें.